डॉन रन कशी गेली? अडथळ्यांच्या शर्यतीतलं पडणं, सोप्या भाषेत

27 जून 1986. पॅरिसच्या ओतॉय रेसकोर्सवर फ्रान्समधली सर्वात मोठी हर्डल, म्हणजे लहान अडथळ्यांची, शर्यत चालली होती, 5100 मीटरची. आयर्लंडची आठ वर्षांची घोडी डॉन रन त्यात पळत होती. दोन वर्षांपूर्वी याच मैदानावर हीच शर्यत तिने जिंकली होती. या खेपेला शेवटचे काही हर्डल बाकी असताना तिची उडी चुकली, ती डोक्यावर आपटली आणि मान मोडून जागीच गेली. पाठीवर फ्रेंच जॉकी मिशेल शिरोल होता. तो वाचला.

साडेतीन महिन्यांपूर्वीच ती इंग्लंडमधल्या चेल्टनहॅमला गोल्ड कप, म्हणजे मोठ्या कुंपणांची मानाची शर्यत, जिंकून आली होती. त्यामुळे आयर्लंडमध्ये ही बातमी घरातलं कुणी गेल्यासारखी ऐकली गेली. चाळीस वर्षं होत आली, तरी तिचा विषय निघाला की तिकडचे जुने शौकीन आधी गोल्ड कपची शेवटची दोनशे मीटर सांगतात आणि मग गप्प होतात. पॅरिसबद्दल फारसं बोलत नाहीत. मला मात्र वाटतं, तिला आठवायचं तर पॅरिसही समजून घ्यायला हवं. ‘नशीब’ म्हणून सोडून दिलेल्या त्या क्षणात घोड्याच्या हाडांचं, डोळ्यांचं आणि वेगाचं बरंच शास्त्र आहे.

आधी ही शर्यत म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर होतात त्या सपाट मैदानावरच्या शर्यती. घोडा सुटतो, पळतो, संपलं. ब्रिटन, आयर्लंड आणि फ्रान्समध्ये याशिवाय उड्यांच्या शर्यती होतात आणि हिवाळ्यात तर त्यांचंच राज्य असतं. सुरुवात आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात झाली असं मानतात. 1752 साली दोन शेजाऱ्यांनी पैज लावली आणि बटेव्हंटच्या चर्चच्या मनोऱ्यापासून डोनरेलच्या मनोऱ्यापर्यंत, मध्ये येतील ती कुंपणं, नाले, बांध ओलांडत सुमारे साडेचार मैल घोडे फेकले.

आज या शर्यतींचे दोन मुख्य प्रकार आहेत. एक स्टीपलचेस. त्यातलं कुंपण कमीत कमी साडेचार फूट उंच, बर्च झाडाच्या फांद्या घट्ट बांधून केलेलं, जाडजूड. काही कुंपणांपुढे चर असतो, एखाद्यापुढे पाणी. दुसरा प्रकार हर्डल. त्याची उंची साडेतीन फुटांच्या आसपास. ब्रिटनमधला हर्डल म्हणजे जमिनीत खोचलेली, पुढे कललेली लाकडी चौकट; घोड्याचा पाय लागला तर ती झुकते. फ्रान्समधले हर्डल झुडपी, लहान कुंपणासारखे. घोडे साधारणपणे सपाट किंवा हर्डल शर्यतींतून तयार होतात आणि मग मोठ्या कुंपणांकडे जातात. दोन्हींत अव्वल ठरणारा घोडा विरळा. हर्डलला वेग आणि सफाई लागते, तर मोठ्या कुंपणाला ताकद, धीर आणि पाय कुठे टाकायचा याचा हिशेब.

डॉन रन त्या विरळ्यांतली होती.

तिची मालकीण शार्मियन हिल ही बाई स्वतः एक प्रकरण होती. तिने ही घोडी 5800 गिनींना (गिनी म्हणजे घोड्यांच्या खरेदीत चालणारं जुनं ब्रिटिश नाणं) घेतली, किल्केनी परगण्यातल्या गोअर्सब्रिजच्या पॅडी मलिन्स या ट्रेनरकडे ठेवली आणि 1982 मध्ये ट्रलीच्या मैदानावर स्वतःच खोगिरावर बसून तिला पहिला विजय मिळवून दिला. तेव्हा बाईचं वय होतं 62! आयर्लंडच्या वर्तमानपत्रांनी तिला दौडणारी आजी म्हणायला सुरुवात केली होती.

1984 मध्ये डॉन रनने आयर्लंड, इंग्लंड आणि फ्रान्स या तिन्ही देशांच्या सर्वोच्च हर्डल शर्यती एकाच वर्षात जिंकल्या. तोवर हे कुणाला जमलं नव्हतं. मग तिला मोठ्या कुंपणांकडे वळवलं. मधे दुखापतीत बराच काळ गेला. जानेवारी 1986 मध्ये चेल्टनहॅमलाच सरावाच्या म्हणून धरलेल्या शर्यतीत तिची उडी चुकली आणि ट्रेनरचा मुलगा टोनी मलिन्स तिच्यावरून खाली आला. टोनीने तिला लहानपणापासून ओळखलं होतं, तिच्या बऱ्याच शर्यती त्यानेच मारल्या होत्या. पण मालकिणीने ठरवलं की गोल्ड कपला जॉकी बदलायचा. घोडी जॉन्जो ओ’नीलकडे गेली. 1984 ची चेल्टनहॅमची चॅम्पियन हर्डल, म्हणजे इंग्लंडची ती सर्वोच्च हर्डल शर्यत, त्यानेच तिच्यावर जिंकली होती. पॅडी मलिन्सच्या घरात त्या दिवसांत काय वातावरण असेल, याची कल्पना कुणालाही करता येईल.

13 मार्च 1986 ची ती शर्यत सव्वातीन मैलांची होती, त्यात 22 कुंपणं. मोठ्या कुंपणांवरची डॉन रनची ही जेमतेम पाचवी शर्यत, समोरचे घोडे मुरलेले. ती सुरुवातीपासून पुढे राहिली, पण पाण्याच्या उडीला चुकली, नंतर आणखी एका कुंपणाला धडकली. एवढ्या चुका झाल्या की एरवी घोडा मनाने हरतो. शेवटच्या कुंपणाकडे येताना वेवर्ड लॅड आणि फरगिव्ह एन फरगेट हे दोघे तिच्या पुढे होते. कुंपणानंतर चेल्टनहॅमचा तो प्रसिद्ध चढ. वेवर्ड लॅड थकून डावीकडे झुकायला लागला आणि बीबीसीवर समालोचक पीटर ओ’सलिव्हन यांच्या तोंडून निघालं की घोडी आता वर यायला लागली आहे. शेवटच्या काही ढांगांत तिने दोघांनाही गाठलं आणि एका घोड्याच्या लांबीने जिंकली. वेळ लागला 6 मिनिटं 35.3 सेकंद, म्हणजे तेव्हाचा विक्रम. चॅम्पियन हर्डल आणि गोल्ड कप दोन्ही जिंकणारी ती इतिहासातली पहिली, आणि अजून तरी हा मान दुसऱ्या कुणाला मिळालेला नाही.

नंतर तिथे जो गोंधळ झाला त्यातली एक गोष्ट मला विजयापेक्षा मोठी वाटते. टोप्या उडत होत्या, लोक कठडे ओलांडून आत घुसले होते आणि जॉन्जोने गर्दीतून टोनी मलिन्सला शोधून खांद्यावर घेतलं आणि तसाच बक्षीस समारंभाच्या चौथऱ्याकडे नेला. ज्याची जागा घेतली, त्याला खांद्यावर.

टीकाकार तेव्हाही होते. घोडींना नियमाने 5 पौंड, म्हणजे सव्वादोन किलो वजन कमी वाहावं लागे. ती सवलत नसती तर ती हरली असती, असं ते म्हणत. असेल. पण तो नियम तिच्यासाठी केलेला नव्हता, सगळ्याच घोडींना होता, आणि गोल्ड कप जिंकणाऱ्या घोडी आजवर चारच झाल्या.

आता पडण्याकडे येऊ.

गोल्ड कपच्या त्या वेळेवरून हिशेब केला तर सरासरी वेग ताशी 48 किलोमीटरच्या आसपास येतो, तोही 22 उड्या मारून. अंगाने पाचशे किलोच्या घरातला प्राणी, पाठीवर जॉकी आणि खोगीर मिळून सत्तरेक किलो. कुंपणाजवळ येताना घोडा ढांग लांब किंवा आखूड करून उडीची जागा जुळवतो. पुढच्या पायांनी शरीराचा पुढचा भाग वर ढकलतो, मग मागचे दोन्ही पाय जवळजवळ एकत्र टेकवून झेप घेतो. पलीकडे उतरताना आधी पुढचा एकच पाय टेकतो आणि क्षणभर सगळा भार त्या एका पायावर येतो. हे सगळं एका सेकंदाच्या आत.

चूक बहुतेक वेळा उडीच्या जागेची असते. घोडा कुंपणाच्या फार जवळून उडाला तर पुढचे पाय वर घ्यायला वेळ मिळत नाही, फार लांबून उडाला तर उतरण्याआधीच ते अडथळ्यात अडकतात. धावत्या सायकलचं पुढचं चाक खड्ड्यात अडकल्यावर मागचं उचललं जाऊन माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो, तसंच इथे होतं. पुढचे पाय थांबतात, उरलेलं धूड थांबत नाही. ते गोल फिरतं. डोकं किंवा मान आधी जमिनीला लागली तर मागचं सगळं वजन मानेवर येतं. घोड्याची मान लांब, पुढे काढलेली, आणि माणसासारखीच सात मणक्यांची. तिथला मणका सरकला की मज्जारज्जू तुटतो. डॉन रनचं हेच झालं. अशा वेळी डॉक्टर, इंजेक्शन, शस्त्रक्रिया असं काही उरत नाही.

पण मग हर्डल लहान, तरी तिथे का? आठवा, साडेचार फुटी कुंपणांवर चुका करूनही ती गोल्ड कप जिंकली होती. कारण लहान अडथळ्याला घोडा मान देत नाही. मोठं कुंपण दिसलं की तो स्वतःला आवरतो, गोळा होतो, उंच उडतो. हर्डल मात्र तो धावण्याच्या ओघातच, सपाट आणि वेगात ओलांडतो. जिंकायचं तर तसंच ओलांडावं लागतं, कारण हर्डल शर्यत जमिनीवरच्या वेगावर ठरते. म्हणजे चुकांना जागा कमी आणि चूक झालीच तर वेग जास्त. पडण्याचं प्रमाण मोठ्या कुंपणांवर अधिक असतं, पण हर्डलवरचं पडणं जास्त वाईट असं जॉकी स्वतःच सांगतात. कुंपणांवरून परत हर्डलकडे आलेल्या घोड्याला तर पुन्हा नव्याने जुळवून घ्यावं लागतं. डॉन रनच्या बाबतीत त्या दिवशी नेमकं काय चुकलं हे तिच्याशिवाय कुणालाच कळलं नसेल, पण लहान अडथळा म्हणून धोका लहान, हे समीकरण खरं नाही.

मान मोडणं हा एक प्रकार झाला. जास्त वेळा दिसतो तो दुसरा, पाय मोडण्याचा. आणि इथे जवळपास प्रत्येक जण विचारतो की एक पाय मोडला तर प्लास्टर घालून बरा का करत नाहीत? माणसाचा होतो की!

घोड्याच्या पायाची रचना पाहिली की उत्तर मिळतं. ज्याला आपण त्याचा पुढचा गुडघा म्हणतो ते खरं तर मनगट आहे. त्याखालचं नळीचं हाड म्हणजे आपल्या तळहाताचं हाड, आणि खूर म्हणजे एकाच बोटाचं नख. घोडा अक्षरशः नखावर पळतो. गुडघ्याखाली जवळजवळ स्नायू नाहीतच. हाड, दोऱ्यांसारखे कंडरे आणि वर कातडी. वेगासाठी ही रचना उत्तम, कारण पाय हलका राहतो. पण मोडल्यावर हाडाचे तुकडे धरून ठेवायला मांस नाही, रक्तपुरवठा तुटपुंजा, आणि धारदार टोक सहज कातडी फाडून बाहेर येतं. बाहेर आलं की माती आणि जंतुसंसर्ग.

समजा, हाड जोडलं. आता घोड्याला काही महिने झोपवून ठेवता येईल का? नाही. एवढं वजन एका कुशीवर तासन् तास पडलं तर खालचे स्नायू आणि फुप्फुस दाबले जातात. त्याला उभंच राहावं लागतं, म्हणजे उरलेल्या तीन पायांवर. मग त्या धडधाकट पायांच्या खुरात सूज येते, खुराच्या कवचाला आतल्या हाडाशी जोडणारा थर सुटू लागतो. याला लॅमिनायटिस म्हणतात. वेदना इतकी की मोडलेला पाय परवडला. शिवाय भूल उतरताना घोडा घाबरून धडपडतो आणि नुकतंच बांधलेलं हाड पुन्हा मोडून घेतो. तो पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. पडलेलं असणं म्हणजे मरण, हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं.

अमेरिकेच्या बार्बारोची गोष्ट याच वाटेने गेली. तो सपाट शर्यतींतला घोडा, मे 2006 मध्ये केंटकी डर्बी जिंकलेला. दोन आठवड्यांनी प्रीकनेस शर्यतीत त्याच्या मागच्या उजव्या पायाच्या हाडाचे वीसहून अधिक तुकडे झाले. मालकांनी पैशाकडे पाहिलं नाही. पेन्सिल्व्हेनियाच्या न्यू बोल्टन केंद्रात पट्टी आणि स्क्रू घालून पाय जोडला, भूल उतरताना धडपड होऊ नये म्हणून त्याला तराफ्यात अडकवून पाण्याच्या हौदात जागं केलं. मोडलेला पाय बराच सुधारला. पण लॅमिनायटिस झाला, आधी एका पायाला, मग बाकीच्यांना. आठ महिन्यांच्या उपचारांनंतर 29 जानेवारी 2007 रोजी त्याला शांतपणे मरण दिलं गेलं. जगातली उत्तम शस्त्रक्रिया, हवा तेवढा पैसा आणि समजूतदार घोडा, तरीही. म्हणून मैदानावरचे पशुवैद्य काही मिनिटांत निर्णय घेतात, हिरवे पडदे उभे राहतात आणि घोड्याचा शेवट होतो. पडदे लोकांपासून लपवण्यासाठीच, अशी टीका होते. ती अर्धी खरी आहे. पडद्याआड पशुवैद्याला काम करायला निवांत जागा मिळते, आणि कधी कधी पडद्यामागून घोडा उठून चालत बाहेरही येतो.

मग या धोक्याचं काही करता येतं की नाही? थोडं येतं. डोळ्यांचं घ्या. ब्रिटनच्या कुंपणांवर वर्षानुवर्षं नारिंगी पट्ट्या रंगवलेल्या असत, माणसाला हिरवळीवर त्या ठसठशीत दिसतात म्हणून. घोड्याला रंग आपल्यासारखे दिसत नाहीत; निळा आणि पिवळा कळतो, पण नारिंगी आणि हिरवा त्याला जवळजवळ सारखेच. एक्झिटर विद्यापीठाच्या संशोधकांनी हे कुंपणांवर तपासून पाहिलं आणि 2022 पासून नारिंगीऐवजी पांढरा रंग यायला लागला. इतकी साधी गोष्ट लक्षात यायला इतकी वर्षं लागली याचं मला अजूनही नवल वाटतं. रंग घोड्यासाठी होता, पण विचारलं माणसाच्या डोळ्यांना.

लिव्हरपूलजवळ एन्ट्रीच्या रेसकोर्सवर होणाऱ्या ग्रँड नॅशनलमध्ये बदल जास्त झाले, कारण तिथली मरणं जगभर टीव्हीवर दिसली. 2012 मध्ये दोन घोडे गेले. त्यातला सिंक्रोनाइज्ड त्याच वर्षीचा गोल्ड कप विजेता. तो बीचर्स ब्रूक नावाच्या कुख्यात कुंपणाला पडला, उठला, जॉकीशिवायच पळत राहिला आणि पुढे अकराव्या कुंपणापाशी पाय मोडून घेतला. पुढच्या वर्षी कुंपणांच्या आतला लाकडी सांगाडा काढून लवचिक प्लास्टिकचा घातला. 2024 पासून घोड्यांची संख्या 40 वरून 34 वर आणली आणि पहिलं कुंपण सुरुवातीच्या रेषेजवळ सरकवलं, म्हणजे घोडे भरधाव वेगात तिथे पोचू नयेत. उंची कमी करण्यापेक्षा वेग आणि गर्दी कमी करणं, हा विचार नीट आहे. डॉन रनची गोष्टही तेच सांगते.

तरीही ब्रिटनमध्ये उड्यांच्या शर्यतींत घोडे शर्यतीत दर हजार वेळा उतरले की साधारण चार मरतात, वर्षानुवर्षं. हजारात चार म्हणजे कमी की जास्त? घोड्याच्या एका शर्यतीपुरतं पाहिलं तर कमी. पण घोडा एकच शर्यत पळत नाही, अनेक पळतो, आणि आकडा दर वेळी नव्याने लागू होतो. प्राणिप्रेमी संघटना म्हणतात की खेळच बंद करा. घोडेवाले म्हणतात की शर्यती नसतील तर हे घोडे जन्मालाच येणार नाहीत. बैलगाडा शर्यतींवरून आपल्याकडे जो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2023 मध्ये शर्यतींना मान्यता देऊन थांबला, तो ज्यांनी ऐकला त्यांना हे दोन्ही सूर ओळखीचे वाटतील. माझं मत विचाराल तर ‘नसते तर जन्मले नसते’ हा युक्तिवाद लंगडा आहे. जन्म दिला म्हणून धोक्यात घालायचा हक्क मिळत नाही. पण ज्या तबेल्यात माणूस पहाटे पाचला उठून घोड्याचा प्रत्येक पाय हाताने चाचपतो, गरम लागतोय का बघतो, तिथे क्रौर्य आहे असं म्हणणंही मला जमत नाही.

एक नुकसान बातम्यांत फारसं आलं नाही. उड्यांच्या शर्यतीतले बहुतेक नर घोडे खच्ची केलेले असतात. ते मेले तर वंशाचा प्रश्न येत नाही. डॉन रन मात्र घोडी होती. अजून एखाद्या हंगामाने ती मैदानातून निवृत्त होऊन पिल्लांसाठी ठेवली गेली असती. तिच्या पोटी एकही शिंगरू आलं नाही.

चेल्टनहॅमला तिचा ब्राँझचा पुतळा आहे आणि त्याच आवारात आर्कल या दंतकथा झालेल्या आयरिश घोड्याचाही. 2016 मध्ये चेल्टनहॅमच्या मार्चमधल्या महोत्सवात घोडींसाठी तिच्या नावाची शर्यत सुरू झाली. ती हर्डल शर्यत आहे. पहिली पाच वर्षं ती एकाच तबेल्याने जिंकली, पॅडी मलिन्सचा मुलगा आणि टोनीचा भाऊ विली मलिन्सच्या.